दीड देवमासा पुढे, उजव्या हाताला

उस्मानपुऱ्यात खोली शोधत हिंडत होतो तेव्हा घरमालक सगळ्यात आधी आडनाव विचारत. मी सांगितलं की खोली कालच गेलेली असे. त्या शहरात ‘काल’ हा दिवस भाड्याच्या धंद्याला फारच बरकतीचा असावा.

सरांनी आडनाव विचारलं नाही. दारातच उभं करून त्यांनी विचारलं, “आई-वडील नात्यातले आहेत का?”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, “नाही. आई चंद्रपूरची, वडील परभणीचे. धम्म परिषदेला गेले होते दोघं, तिथे जमलं.”

सरांनी डोळे मिटले. चंद्रपूर ते परभणी हे अंतर ते मनातल्या मनात मोजत होते, हे मला पुढे कळलं. मग म्हणाले, “उत्तम. सामान आणा.”

आमची सगळी हकिकत खरं तर या दोन वाक्यांत येऊन गेली होती. पण तेव्हा ते ना त्यांना कळलं, ना मला.

सर एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि घरी देवमासे करत. ‘करत’ हा शब्द काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. “सर काय करतायत?” असं विचारलं की त्या म्हणायच्या, “देवमासे करतायत, बसा.” जगातले संशोधक देवमाशांच्या जनुकांची सगळी माहिती इंटरनेटवर मोकळी ठेवतात. ती सर आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेत. तेव्हाचं इंटरनेट आणि तेव्हाची वीज बघता हे काम फार चिकाटीचं होतं. कॉम्प्युटरवर पुठ्ठा टांगलेला असे : ‘देवमासा उतरत आहे. हात लावू नये.’ अर्धा देवमासा उतरला की वीज जायची. मग सर अंगणात येऊन, कुणाचं तरी निधन झाल्यासारखे उभे राहायचे.

त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. कसल्याशा प्रशिक्षणासाठी एकदा मुंबईला गेले होते, पण समुद्राच्या बाजूला फिरकले नाहीत. “तिथून देवमासा दिसत नाही. नुसतं पाणी बघायला कशाला जायचं?” असं म्हणाले. त्या वर्षी आमच्या गल्लीतला कुणीही माणूस नुसतं पाणी बघायला कुठेही गेला असता. जायकवाडी तळाला गेली होती. नळ आठवड्यातून एकदा खाकरायचा आणि पुन्हा गप्प बसायचा.

पत्ता सांगतानाही देवमासाच. “इस्त्रीवाल्यापासून दीड देवमासा पुढे या, उजव्या हाताला निळं फाटक.” निळा देवमासा तीस मीटरचा धरायचा, हे गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. गॅस सिलेंडरवाला बरोबर यायचा. कुरियरवाले नवे असत, ते हरवत.

लग्नाची आमंत्रणं सरांना कमी येत. लग्नात ते जेवत, पान खात आणि मग नवरदेवाच्या बापाला शांतपणे विचारत, “मुलगी मामाची की आत्याची?” आमच्या मराठवाड्यात हा प्रश्न तसा आनंदाचा. मामाची पोरगी घरात आली म्हणजे सोयरीक घट्ट झाली, असं लोक अभिमानानं सांगतात. बाप खुशीत म्हणायचा, “मामाचीच!” सर मान हलवून “अरेरे” म्हणायचे आणि हात धुवायला जायचे.

एकदा त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. मी वाळूजला एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करत होतो. देवमाशांशी माझा काही संबंध नव्हता, पण रविवार होता आणि मी सापडलो. काकूंनी निवडायला ठेवलेली ज्वारी आणि तूर सरांनी जेवणाच्या टेबलावर ओतली आणि दाण्यांच्या दोन लांबलचक ओळी मांडल्या.

“ही ओळ आईकडून आलेली, ही बापाकडून. आता समोरासमोर बघा. इथे ज्वारीसमोर तूर, इथे ज्वारीसमोर ज्वारी. लांबच लांब तुकडा सारखा दिसला की समजायचं, आई-बाप जवळचे नातलग. आणि सारखे तुकडे आखूड पण पुष्कळ असले, तर नातं जवळचं नाही. पण फार पूर्वी कधीतरी कळपच मूठभर उरला होता, आणि आजचे सगळे त्या मूठभरांचे. लांब तुकडा म्हणजे घरातली सोयरीक. आखूड तुकडे म्हणजे जुना दुष्काळ.”

“एका माशावरून एवढं कळतं?”

“मासा नव्हे. सस्तन प्राणी. नाव चुकीचं पडलंय, मी काय करू? पण हो, एका जनावराच्या रक्तात सगळ्या कळपाचा इतिहास असतो. शिकारीआधी हजारो वर्षं ते किती होते, कधी आटले, सगळं.” मग त्यांनी एक किडका दाणा शोधून काढला. “हा एका ओळीत असला तर समोरचा चांगला दाणा सांभाळून घेतो. दोन्ही ओळींत समोरासमोर आला, की पिल्लू जगत नाही. किंवा जगतं, पण अर्धंमुर्धं.”

मग एका आखातातल्या देवमाशांची गोष्ट निघाली. हजारो वर्षं तो छोटा कळप एकटाच राहतोय. हिशेबानं केव्हाच खंगायला हवा होता. पण दर पिढीला एखाद-दुसरा बाहेरचा देवमासा वाट काढत आत येतो. तेवढ्यावर सगळे तरलेत.

“एखादाच?” मी विचारलं.

“एखादाच पुरतो,” सर म्हणाले. एवढ्या प्रेमानं ते कुणाबद्दलच बोलत नसत.

काकू ताट घेऊन आल्या. “आणि उरलेली तूर म्हणजे रात्रीचं वरण. उचला आता इतिहास.”

काकू सरांच्या सख्ख्या मामाची मुलगी. हे त्यांनीच सांगितलं होतं : “मी काही बाहेरून आले नाही, मी घरचीच.” मी मूर्खासारखं सरांना विचारलं, “तुमच्या घराच्या ओळी मांडल्या तर कशा दिसतील?” सरांनी टेबलावरचे दाणे एकेक करून ताटात भरले आणि म्हणाले, “देवमाशांचं बोला.”

सर मूळचे मेंढपाळाच्या घरातले. शाळेत जायच्या आधी ते कळपामागं हिंडलेले होते. फार रंगात आले तर वडिलांची आठवण सांगत. वडील दर दोन-तीन वर्षांनी कळपातला एडका, म्हणजे नर मेंढा, बदलत. शेजारचा चालत नसे. पार लांबच्या, अनोळखी माणसाच्या वाड्यावर जायचं, आपला एडका द्यायचा, त्याचा आणायचा. नवा एडका कळपाच्या तोंडाशी आला की त्याच्या कपाळावर भंडारा, म्हणजे देवाची हळद, मूठभर दाबून भरायची. भाकरीचा तुकडा चारायचा. मग त्याला बाहेरचा म्हणायचं नाही. बहात्तरच्या दुष्काळात कुणी कुणाकडे गेलं नाही. घरच्याच एडक्यावर भागवलं. पुढची कोकरं पायांनी अधू निघाली.

“आम्ही मेंढरांची सोयरीक लांबची बघायचो,” सर म्हणायचे, “आणि माणसांची घरातल्या घरात. मेंढरांना अक्कल नसते ना, त्यांची काळजी घ्यावी लागते.”

सरांना एक मोठी बहीण होती. ते तिला अक्का म्हणत. बायपासच्या पलीकडं तिचं गाव होतं. गावाच्या रानाचे प्लॉट पडले, चरायला जागा उरली नाही, मेंढरं विकली, आणि तिचा मुलगा पाण्याचा टँकर चालवू लागला. ज्या रानात मेंढरं चरायची तिथं बोअर घेऊन ते पाणी तो शहरात आणायचा. आमच्या गल्लीलाही त्याचाच टँकर यायचा. सर त्याचे सख्खे मामा, म्हणून निळ्या फाटकासमोर टँकर पहिल्यांदा थांबे.

सरांना एकच मुलगी. फार्मसी शिकत होती. भावाच्या पोरीवर बहिणीचा हक्क, ही रीत. त्या उन्हाळ्यात अक्का नारळ आणि लुगडं घेऊन मागणी घालायला आल्या. मी तेव्हा पंख्याची वायर जोडायला खाली आलो होतो आणि शिडीवर होतो. उतरणं वाईट दिसलं असतं, म्हणून वरच राहिलो.

अक्कांनी नारळ टेबलावर ठेवला. “पोरगी मागायला आले. पोरगा कमवता झालाय.”

सरांनी ज्वारी मागवली.

त्यांनी सगळं सांगितलं. दोन ओळी, लांब तुकडा, आखूड तुकडा, किडका दाणा, आखात. बहिणीशी बोलताना त्यांची प्राध्यापकी भाषा गळून पडे. “अक्का, हे बघ, हितं ज्वारीम्होरं ज्वारीच यील. मी मामाची केली, तुव्हा पोरगा बी मामाचीच करणार. दोरी किती आवळायची?” अक्का शेवटपर्यंत ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “माशाचं कळलं. पोरगी देतो का नाय, ते सांग.”

“नाय.”

अक्कांनी नारळ पिशवीत घातला. काकूंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याला हात न लावता अक्का म्हणाल्या, “ह्या घरचं पानी बी नको आता.” त्या दुष्काळात पाणी नाकारणं ही साधी गोष्ट नव्हती. त्या गेल्या, आणि मी शिडीवरून उतरलो. पंखा चालू झाला होता, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या फेरीला टँकर आला तसा भाचा फाटकाशी थांबला. सर अवघडून उभे. तो म्हणाला, “मामा, पाइप धरा ना. पानी थांबतंय व्हय नात्यासाठी?” त्याला राग नव्हता. मला नंतर म्हणाला, “भाऊ, सच बोलूं तो मलाच कुठं करायची होती? लहानपनी तिचं नाक म्या पुसलंय.” वर्षभरात त्यानं पैठणकडची मुलगी केली आणि सुखात राहिला. अक्का मात्र आल्या नाहीत. राखीला नाही, दिवाळीला नाही. सर भाऊबीजेला नवा शर्ट घालून बसून राहत आणि संध्याकाळी देवमासा उतरवायला लावत.

टँकर आला की पाइप धरायला वरून मी उतरे आणि आतून सरांची मुलगी येई. दुष्काळ लांबला. एवढंच सांगतो.

दोन वर्षांनी तिनं स्वतःच बापाला सांगितलं. मीही समोर होतो. ती म्हणाली, “बाबा, लांबचा आहे. आई चंद्रपूरची, वडील परभणीचे. तुम्हीच तपासून खोली दिलीत.”

सरांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल मोकळं होतं. मग म्हणाले, “माणूस म्हणजे देवमासा नाही.”

आयुष्यभर जे म्हणाले नाहीत ते वाक्य त्यांनी म्हटलं आणि आत गेले. मला खूप लागलं. आडनाव विचारून दार लावणाऱ्यांचा राग मी केव्हाच सोडून दिला होता. ते ओळखीचे नव्हते. या माणसाच्या टेबलावर मी जेवलो होतो. बाहेरचा एखादाच पुरतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. बाहेरचा म्हणजे किती बाहेरचा, हे विचारायचं राहून गेलं होतं.

त्यांनी खोली सोडा म्हटलं नाही. कॉम्प्युटरवरचा पुठ्ठा मात्र निघाला. गॅसवाल्यानं फोनवर पत्ता विचारला तर म्हणाले, “इस्त्रीवाल्यापुढे पंचेचाळीस मीटर.” गॅसवाला हरवला.

मुलगी बापाशी बोलेना. मला म्हणाली, पळून जाऊन लग्न करणार नाही, आणि दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. मी दुसरी खोली शोधायला लागलो. खोल्या कालच गेलेल्या होत्या.

बातमी भाच्यानं आपल्या आईला सांगितली. एका सकाळी टँकर आला आणि त्याच्या केबिनमधून, पदर सावरत, अक्का उतरल्या. दोन वर्षांनी पहिल्यांदा. मी पाइप धरून होतो, दार सताड उघडं होतं, आणि त्यांचा आवाज रानात मेंढरं हाकलेला होता. गल्लीनं सगळं ऐकलं.

“मव्हा पोरगा नको म्हनलास, तवा मानूस देवमासा व्हता. आता तुव्ह्या पोरीनं लांबचा आनला, तर मानूस देवमासा नाय व्हय? मंग मला कामून रिकाम्या हातानं माघारी लावलं?”

सर म्हणाले, “अक्का, ते येगळं. ही जातीची गोष्ट हाय. लोकं काय म्हनतील?”

“लोकं?” अक्का खाली बसल्या असाव्यात, कारण आवाज उतरला. “तुव्ही दोन लेकरं गेली. दोनी येळा त्यास्नी ह्या हातानं माती दिली म्या. तवा लोकं आली व्हती का? मी मागनी घालाया आले, तवा तू मला ज्वारी दावत बसलास. आरं, मला नुसतं म्हनायचं व्हतं, अक्का, मला भ्या वाटतं. म्या नारळ गुमान माघारी नेला असता. पानी पिऊन गेले असते.”

 बाहेर पिंप भरून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. दुष्काळातलं पाणी, पण कुणी मला ओरडलं नाही. भाच्यानं हळूच नळी बंद केली.

दोन लेकरांचं मला नीट माहीत नव्हतं. मुलगी एवढंच म्हणाली होती, माझ्याआधीची राहिली नाहीत. कित्येक वर्षं हा माणूस जगभरच्या देवमाशांच्या रक्तात काय शोधत होता, ते मला त्या दिवशी, ओल्या चपलांनी रस्त्यात उभं असताना समजलं. त्यांच्यावरचा माझा राग तिथंच गेला. तो ठेवता येईना.

नंतर काकू सांगत होत्या की सर अक्कांच्या पायाशी बसून राहिले. काकूंनी तांब्या आणून मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “वन्सं, त्यांचं भ्या त्यांनी समुद्रात नेऊन टाकलं. मी हितंच होते. आता पोरीला तरी सुटू द्या.” अक्कांनी तांब्या उचलला.

त्याच संध्याकाळी माझ्या वडिलांचा परभणीहून फोन आला. घाबरलेले होते. “कुणी एक गृहस्थ बोलले. रविवारी घरी या म्हणाले. इस्त्रीवाल्यापासून दीड देवमासा पुढे, उजव्या हाताला. माणूस बरा आहे ना?”

मी म्हटलं, “बरा झालाय.”

वडील एसटीत कंडक्टर होते आणि बाबासाहेबांचा शब्द न शब्द पाळणारे. घरात कर्मकांड नाही, टिळा नाही, गंडादोरा नाही. रविवारी ते, आई आणि मी समोर बसलो. अक्का आल्या होत्या. भाचा टँकर गल्लीत लावून दारात उभा. सर आतून पितळेची एक जुनी डबी घेऊन आले आणि वडिलांसमोर अवघडून थांबले.

“एक विचारायचं होतं. तुमच्याकडे चालत नाही, ठाऊक आहे. आमच्या वडलांच्या वेळची रीत आहे. बाहेरून आलेल्या... म्हणजे लांबून आणलेल्या...”

त्यांना पुढं जाता येईना. अक्कांनी वाक्य पुरं केलं. “एडक्याला लावत्यात.”

आईनं माझ्याकडे पाहिलं. वडिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिकिटाशिवाय बसलेल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, “याला शास्त्रीय आधार काय?”

सरांचा चेहरा उजळला. काकूंनी न सांगता ज्वारी आणि तूर आणली.

वडिलांनी सगळं ऐकलं. ओळी, तुकडे, किडका दाणा, आखात, बहात्तर साल. मध्येच दोन शंका विचारल्या, त्या चांगल्या होत्या. शेवटी सर म्हणाले, “मी हे सगळ्यांना शिकवलं आणि माझ्या दारात आलं तेव्हा मागं सरलो. तुमच्या मुलाला मी दुखावलं. त्याला मी आडनाव विचारलं नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात होतं. मला माफ करा.”

वडिलांनी घरंगळलेला एक दाणा परत ओळीत ठेवला. म्हणाले, “देवाचं म्हणून लावणार असाल तर नको. हे कारण असेल तर लावा.”

“हेच कारण आहे,” सर म्हणाले.

मेंढराच्या कपाळावर लोकर असते, त्यामुळे भंडारा मूठभर घेऊन दाबावा लागतो. सरांना तेवढंच माप माहीत होतं. त्यांनी डबीतली सगळी मूठ माझ्या कपाळावर दाबली आणि भाकरीचा तुकडा तोंडात दिला. म्हणाले, “आता हा घरचा.”

“घरचा नका म्हणू,” काकू म्हणाल्या. “घरचा झाला की पुन्हा तुमचा देवमासा आडवा येईल.”

सर गंभीरपणे म्हणाले, “एका पिढीत तसं होत नाही.”

भंडारा माझ्या दोन्ही डोळ्यांत गेला होता. पाणी खळेना. आई पदरानं पुसायला धावली, अक्का तांब्या घेऊन आल्या, भाचा टँकरची नळी आणू का म्हणाला. सगळे माझ्याकडेच बघत होते, त्यामुळे सर टेबलाच्या कोपऱ्याला धरून रडत होते तिकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. ते बरंच झालं. ते काय म्हणत होते ते मात्र मला ऐकू आलं. ते अक्कांना म्हणत होते, “अक्का, मला लई भ्या वाटत व्हतं गं.”